आतून तांबं निघालेलं नाणं: त्या काळातलं खोटं की आत्ताचं?

नाणेफेक (धागाकर्ता)

हल्ली नाण्यांच्या बाजारात एक नवी पळवाट निघाली आहे. आहत, म्हणजे ठसे ठोकून पाडलेल्या, नाण्याच्या कडेला तांबूस काही दिसलं आणि आपण बोट ठेवलं, की पूर्वी विकणारा गडबडायचा. आता तो शांतपणे सांगतो, ‘साहेब, हे त्या काळातलंच खोटं आहे. मौर्यांच्या वेळचं डुप्लिकेट. असं मिळत नाही, म्हणून दोनशे जास्त.’ कोल्हापुरात महाद्वार रोडला ऐकलं, प्रदर्शनात ऐकलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रोजच. म्हणून धागा काढतोय.

पंचाईत अशी की ही निव्वळ थाप नाही. चांदीचं कार्षापण म्हणजे ३२ रत्तींचं, साधारण सव्वातीन ते साडेतीन ग्रॅमचं नाणं, पुढच्या बाजूला पाच वेगवेगळे ठसे. तांब्याच्या तुकड्यावर चांदीचा पत्रा चढवून केलेली अशी नाणी खरोखर सापडतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पारखणारा ‘रूपदर्शक’ हा अधिकारी आहे आणि खोटी नाणी पाडणारा ‘कूटरूपकारक’ही आहे. म्हणजे धंदा जोरात असणार, त्याशिवाय कोण अधिकारी नेमतो! ग्रीकांकडे तेच. अथेन्समध्ये इ. स. पू. ३७५-७४ चा एक कायदा दगडावर कोरलेला सापडला आहे. बाजारात सरकारी पारखी बसायचा. नाणं आतून तांब्याचं किंवा शिशाचं निघालं की जागीच छिन्नीने चिरायचं आणि देवमातेच्या मंदिरात जमा करायचं, असा हुकूम.

तेव्हा प्रश्न ‘आत तांबं आहे का’ एवढाच नाही. तांबं दोन्हीकडे आहे. प्रश्न हा की चांदी केव्हा चढली.

माझं म्हणणं एका ओळीत: जुन्या भामट्याने आधी झाकलं आणि मग ठोकलं, आत्ताचा भामटा आधी नाणं करतो आणि मग झाकतो. हा क्रम नाण्यावर उमटतो. पत्रा आधी असेल तर ठसा ठोकताना तोही ताणला जातो. ठशाच्या खोल भिंतीशी तो पातळ होतो, कधी फाटतो, आणि नेमक्या त्या फाटीतून हिरवं बाहेर येतं. गिलिट नंतर केलं असेल तर थर सगळ्या उंचसखलावरून न फाटता गेलेला असतो आणि तांबं दिसतं ते फक्त घासल्या जाणाऱ्या उंचवट्यांवर.

माझ्याकडे सध्या दोन्ही प्रकारचं एकेक आहे. दोन्हीकडे सूर्य आणि सहा आऱ्यांचं चिन्ह. पहिल्यात सूर्याच्या किरणांच्या तळाशी बारीक चिरा आहेत, त्यांत हिरवा गंज घट्ट बसलाय, आणि एका कडेला पत्रा दुमडून आणलेली शिवण दिसते, करंजीला कड दाबलेली असते तशी. दुसऱ्यात किरणांचे तळ चकचकीत आणि किरणांची डोकी तांबडी. माझ्या लेखी पहिलं जुनं खोटं, दुसरं नवं. ज्यांचा हात धातूवर चालतो त्यांनी बोलावं.

तांबडापांढरा

म्हणजे खोट्यात पण अस्सल खोटं आणि बनावट खोटं. भावा, नाद खुळा. वाचनखूण साठवली.

गुजरीतला

नाणेफेक, मूळ मुद्दा बरोबर आहे. एक दुरुस्ती करतो.

विजेच्या गिलिटात थर सगळीकडे सारखा बसत नाही. टोकांवर आणि कडांवर जाड बसतो, खोलगट भागात कमी. कधी कधी खोल कोपऱ्यात पोचतच नाही. म्हणजे ठशाच्या तळाशी तांबं दिसलं म्हणून लगेच ‘पत्रा फाटला, जुनं आहे’ म्हणू नका. फाट आणि कमी बसलेला थर यांत फरक आहे. पत्रा फाटला की फाटीला धार असते, ओठ असतो, भिंगाखाली त्याची जाडी मोजता येईल इतकी दिसते. गिलिट कमी बसलं तर चांदी विरत विरत तांब्यात जाते, काठ सापडत नाही. दहा पटीचं भिंग पुरतं, पण उजेड तिरका पाडा. वरून टॉर्च मारली तर काही कळत नाही.

जाडीचं बोलायचं तर आमच्याकडे खोट्या दागिन्यावर गिलिट होतं ते काही मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जुना पत्रा त्याच्या दहा-वीस पट सहज असतो.

आता पत्रा चिकटायचा कसा, हे बऱ्याच जणांना कोडं वाटतं. डाग, म्हणजे झाळ, न लावता कसा चिकटला? गंमत अशी आहे की चांदी ९६२ अंशाला वितळते, तांबं १०८५ ला. पण ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबं एकत्र आलं की ते मिश्रण ७८० च्या आसपासच पातळ होतं. तांब्याचा तुकडा साफ करून चांदीच्या पत्र्यात गच्च गुंडाळला आणि भट्टीत ८०० च्या मागेपुढे नेला, तर चांदी वितळत नाही, तांबंही नाही. फक्त दोघांच्या मधली सांध पाझरते आणि थंड झाल्यावर एकजीव होते. डाग आपोआप लागतो! त्या कारागिराकडे थर्मामीटर नव्हता. रंगावरून ओळखायचा, जसे आमचे जुने लोक अजून ओळखतात. अर्धा मिनिट उशीर झाला की पत्राच तांब्यात जिरतो. फसवाफसवीचा धंदा असला तरी हात कसलेला लागायचा.

इंग्लंडात शेफील्डला १७४३ च्या सुमारास हीच युक्ती नव्याने निघाली आणि तिच्यावर भांड्यांचा मोठा व्यापार उभा राहिला. विजेचा मुलामा त्यानंतरचा, त्याचं एल्किंग्टनचं पेटंट १८४० चं. म्हणजे नाण्यावर विजेचं गिलिट सिद्ध झालं की ते १८४० च्या अलीकडचं, विषय संपला.

शंकासुर

काका, ‘सिद्ध झालं’ हे शब्द सोपे आहेत. घरी बसून कसं सिद्ध करणार? भिंगातला ओठ मला दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही, इथेच भांडण होतं. त्यापेक्षा गुजरीत, सराफ बाजारात, टंच (धातूचा कस) काढायचं मशीन आहे, त्यावर नाणं ठेवलं की झालं की.

गुजरीतला

ठेवलं की झालं असं नाही, उलट घोटाळा होतो. ते क्ष-किरणांचं मशीन वरवरचं बघतं. चांदीत त्याची नजर काही दशक मायक्रॉनच जाते. आता विचार करा. नव्या गिलिटाचा थर पाच मायक्रॉनचा, म्हणजे मशीनला खालचं तांबंही दिसतं. बाहेरून लखलखीत चांदी आणि कागदावर येतं निम्मं तांबं. जुन्या खोट्याचा पत्रा जाड, तो जिथे शाबूत आहे तिथे मशीन बिनधास्त ‘पंचाण्णव टंच’ सांगतं. म्हणजे मशीन नव्या भामट्याला धरतं आणि जुन्याला सोडून देतं!

पण ते निरुपयोगी नाही. दोन-तीन जागी मोजा, एकदा शाबूत चांदीवर आणि एकदा फाटलेल्या जागी. आणि टक्क्यांकडे बघण्याआधी यादीत काय काय आलं ते बघा. निकेल आलं तर कान टवकारा. तांब्यावर गिलिट नीट बसावं म्हणून खाली निकेलचा हात देतात, ही आत्ताची पद्धत. कॅडमियम आलं तर तो आत्ताच्या डागाचा.

शंकासुर

निकेलवर माझी हरकत. बॅक्ट्रियाच्या (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडच्या) ग्रीक राजांची नाणी निकेल-तांब्याची आहेत ना? दुसरा युथिडेमस, पँटालिऑन, अगाथोक्लीज. इ. स. पू. दुसऱ्या शतकातली. त्यात पाचवा हिस्सा निकेल असतं.

ब्राह्मी_वाचक

हरकत चांगली आहे, पण इथे लागू होत नाही. त्या नाण्यांत निकेल तांब्यात मिसळलेलं आहे, संपूर्ण नाणंच त्या मिश्रधातूचं. शुद्ध निकेलचा वेगळा पातळ थर, वर चांदी, खाली तांबं, अशी मांडणी प्राचीन काळात शक्य नाही. निकेल हा वेगळा धातू म्हणून ओळखला गेला तोच १७५१ मध्ये.

यादी बघताना काय नाही, हेही बघावं. जुनी चांदी बहुतेक शिशाच्या धातुकातून काढलेली. शिसं जाळून चांदी वेगळी करायची पद्धत, त्यामुळे थोडं शिसं मागे राहतंच. सोन्याचा अंशही राहतो, कारण चांदीतून सोनं वेगळं करण्याचा खटाटोप सहसा कोणी करत नसे. आजची बाजारातली शुद्ध चांदी विजेने शुद्ध केलेली, तिच्यात हे दोन्ही जवळजवळ नसतात. ‘मौर्यकालीन’ नाण्यावर ९९.९ चांदी आली आणि शिसं-सोनं शून्य, तर आनंद मानू नका.

अर्थशास्त्रातली कृती आठवा. पणात चौथा हिस्सा तांबं आणि एक माष लोखंड, कथील, शिसं किंवा अंजन यांपैकी काहीतरी घालायला सांगितलंय. सरकारी नाणंच चोख चांदीचं नव्हतं. उत्तर मौर्यकाळात तर तांबं वाढतच गेलं. त्यामुळे ‘तांबं आहे’ एवढ्यावरून काही ठरत नाही. तांबं मिसळलंय की आत लपवलंय, ते बघायचं.

आणखी एक गुंता. मिश्र चांदीचं नाणं जमिनीत शेकडो वर्षं राहिलं की पृष्ठभागातलं तांबं निघून जातं आणि वर चांदी दाट होते. खरं, सरकारी, कमी कसाचं नाणं त्यामुळे मुलाम्याचं वाटू शकतं. तिथे वरून आत जाताना रंग हळूहळू बदलतो. पत्र्याला तशी पायरी नसते, तो एका रेषेत संपतो.

ओतारी

उद्यमनगरात हयात गेली, नाण्यांतलं कळत नाही, ओतकामातलं कळतं. नाणेफेकने मला दुसऱ्या नाण्याचा फोटो पाठवला होता. ते ठोकलेलं नाहीच, ओतलेलं आहे.

ओळखायचं कसं सांगतो. पृष्ठभागावर बारीक खड्डे आहेत, विकणारा त्याला गंजाचे खड्डे म्हणणार. गंजाचा खड्डा वेडावाकडा असतो, कडा कुरतडलेल्या, तळाशी घाण. ओतकामातला वायूचा खड्डा गोल आणि तळ गुळगुळीत. पण खरी खूण खड्डा नाही, दाणा आहे. साच्यातच बुडबुडा असला की त्यात धातू शिरतो आणि वस्तूवर मोहरीपेक्षा लहान गोल उंचवटा येतो. गंज धातू खातो, धातूचा गोल दाणा वाढवून देत नाही. असा दाणा ठशाच्या खोलगट भागात दिसला की ओतीव समजायचं. कड बघा, कानशीने घासलेली असते, कारण तिथे साच्याची सांध किंवा धातू आत जायची वाट होती. कानशीच्या रेघा समांतर असतात.

ठोकलेल्या नाण्याच्या रेषा खड्या असतात. ओतलेल्याच्या कितीही चांगला साचा घ्या, थोड्या गोल होतात. धातू थंड होताना आकसतो त्यामुळे मूळ नाण्यापेक्षा नक्कल किंचित लहानही भरते.

नाणेफेक

ओतारीकाका, दंडवत. कडेवरच्या रेघा मी वापरातल्या झिजेच्या समजत होतो.

कडेवरून आठवलं. चोख आहत नाणं पत्र्यातून कापलेलं असतं आणि वजन जुळवायला कोपरा छाटलेला असतो. त्या छाटीवर अर्धी जागा कापल्याची, अर्धी तुटल्याची दिसते. मुलाम्याच्या जुन्या नाण्यात असा उघडा छाटलेला कोपरा नसणार, कारण पत्रा चढवल्यावर छाटलं तर भांडंच फुटेल. छाट आधी, पत्रा नंतर, म्हणून कोपऱ्यावरूनही पत्रा वळलेला. कोपरा ताजा छाटल्यासारखा दिसतोय, पण त्यावरही चांदीची अखंड झाक आहे, तर ते ओतून गिलिट केलेलं. खऱ्या नाण्यावरून साचा घेतला की छाटसुद्धा साच्यात येते ना!

शंकासुर

बरं, धरून चालू की आजचा एखादा हुशार कारागीर पत्रा गुंडाळतो, भट्टीत घालतो आणि मग ठोकतो. गुजरीतल्या काकांनी कृती इथेच देऊन टाकलीय. मग क्रमाचा सिद्धांत कुठे राहिला? चांदीही तो जुनी वापरेल. झिजलेली, चिन्हं न दिसणारी जुनी नाणी वितळवली की शिसं-सोन्याचा अंशही हजर.

गुजरीतला

खरं आहे, करता येतं. हुपरीत पैंजणाचा घुंगरू ठोकणारा पोरगा महिन्यात शिकेल. पण हजार-बाराशेच्या नाण्यासाठी एवढी मेहनत परवडत नाही. एवढी मेहनत करणारा महाग नाण्याकडे जाईल, सातवाहनांच्या राजाचा चेहरा असलेल्या चांदीच्या नाण्याकडे, किंवा सरळ सोन्याकडे.

ब्राह्मी_वाचक

शंकासुरांच्या प्रश्नाला क्रम पुरा पडत नाही, तिथे गंज बघावा लागतो.

तांबं आणि चांदी चिकटून ओल्या मातीत पडली की तांबं आधी जातं. चांदीची झीज तांबं आपल्या अंगावर घेतं. त्यामुळे जुन्या मुलाम्याच्या नाण्यात गंज पत्र्याच्या खालून पसरतो. पत्रा फुगतो, फोड येतो, फोड फुटतो, त्यातून हिरवं वर येतं. हे हिरवं खालून आलेलं असतं आणि त्याचे थर ठरलेले: धातूला लागून लालसर क्युप्राइट, त्यावर हिरवं मॅलाकाइट. सुईच्या टोकाने कडेचा कण उचलला तर खाली लाल दिसतो. बनावटी नाण्यावर हिरवं वरून लावलेलं असतं, खाली थेट चमकणारा धातू, मधला लाल पदर नाही. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवला आणि हिरवं कापसावर आलं तर तो रंग आहे किंवा लाखेत कालवलेली पूड. खरा गंज ॲसिटोनला दाद देत नाही.

रसायनांनी झटपट गंज आणता येतो, पण तो बहुधा पावडरीसारखा असतो. पत्र्याखालून कित्येक मिलिमीटर आत शिरून त्याला उचलून धरणारा गंज घाईत होत नाही. इथेही ‘शंभर टक्के’ हा शब्द मी वापरणार नाही. नाणं चिरून, पॉलिश करून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर सांधीतला ७२-२८ चा थर आणि त्यातला गंज दोन्ही दिसतात. त्यासाठी नाण्याचा बळी द्यावा लागतो.

तांबडापांढरा

ताई, अथेन्सच्या पारख्याने आधीच चिरून दिलं असतं तर बरं झालं असतं.

ब्राह्मी_वाचक

हसू नका, तो पुरावाच आहे! जुनी छिन्नीची चीर असलेलं नाणं मिळालं तर चिरेच्या आत बघा. चिरेत बाहेरच्याइतकाच जुना गंज असेल तर ती चीर त्या काळची, म्हणजे त्या काळीच कोणाला तरी संशय आला होता. चिरेत तांबं ताजं, लाल, चमकतंय तर कोणीतरी आत्ता कापलंय. आपल्या आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला जे बारीक ठसे असतात तेही बहुधा पारखणाऱ्यांचे किंवा सराफांचेच, असं मानतात. दामोदर धर्मानंद कोसंबींनी ढिगाने आहत नाणी तोलून दाखवलं की मागचे ठसे जितके जास्त, तितकं नाणं फिरलेलं आणि तितकं झिजून हलकं झालेलं. मुलाम्याचं नाणं फार फिरलं की पत्रा झिजून पितळ उघडं पडणारच, म्हणून मागे ठशांची गर्दी आणि तरी पत्रा अभंग अशी जोडी दिसली की मी थांबते.

मात्र प्रत्येक जुनं मुलाम्याचं नाणं चोराचंच होतं असं नाही. पेलोपोनेशियन युद्धाच्या शेवटी अथेन्सकडे चांदी संपली तेव्हा खुद्द राज्याने चांदी चढवलेली तांब्याची नाणी काढली. मौर्यांच्या शेवटच्या काळाबद्दल तसाच वाद आहे. रोमन नाण्यांत एकाच ठशाने पाडलेली सरकारी आणि मुलाम्याची नाणी शोधून जोडता येतात. आपल्याकडे पाच ठसे पाच वेगळ्या पंचांनी मारलेले, त्यामुळे जोडणी फार किचकट.

नाणेफेक

रोमनांचं अजून एक. त्यांनी काही दिनारांच्या कडेला करवतीसारखे दाते पाडले. लोकांनी आतली चांदी बघावी म्हणून, असं पूर्वी सांगत. पण दाते पाडलेली आणि तरीही आतून तांब्याची नाणी मुबलक आहेत! आधी दाते, मग पत्रा. चोर नेहमी एक पाऊल पुढे.

पन्हाळकर

मी नवीन आहे, चुकलं तर सांगा. माझ्याकडे शिवराई होन आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पिवळं आहे, पण एका ठिकाणी थोडं पांढरट-तांबूस दिसतंय. विकणाऱ्याने हेच सांगितलं, शिवकाळातलं मुलाम्याचं. तुमचे नियम होनाला चालतील का?

ओतारी

वजन किती? व्यास किती?

पन्हाळकर

सव्वा सेंटिमीटरच्या थोडं वर. वजन सोनाराकडे केलं, १.३ ग्रॅम.

ओतारी

मग भिंग ठेवून द्या. होन असतो पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. सोन्याची घनता १९.३, पितळेची साडेआठच्या जवळ. त्याच आकाराचं, त्याच जाडीचं नाणं पितळेत केलं तर निम्म्याहून कमी भरतं. तुमचं नेमकं तेवढंच भरलंय. वजन जुळवायचं तर पितळेचं नाणं दुप्पट जाड करावं लागेल आणि मग ते हातात घेतल्यावर शेंबडं पोरगंही सांगेल.

गुजरीतला

आणि शिवकाळात विजेचं गिलिट नव्हतं. तेव्हा सोन्याचा मुलामा द्यायचा तर पाऱ्यात सोनं कालवून लावायचे आणि पारा आगीवर उडवायचे. त्यात पाऱ्याचा अंश मागे राहतो, मशीनवर दिसतो. तुमच्यावर पारा येणार नाही, हे न बघता सांगतो. पांढरट म्हणताय तिथे पिवळ्याखाली निकेल डोकावत असणार. आठवणवस्तू म्हणून गडाखाली विकतात त्यातलं आहे. देव्हाऱ्यात ठेवा, महाराजांचं नाव आहे. पण ज्याने सोन्याच्या भावात दिलं त्याच्याकडे परत जा.

शंकासुर

घनतेचंच चांदीच्या नाण्याला करता येईल ना? मग एवढा काथ्याकूट कशाला.

ओतारी

येतं, पण नाणं लहान आहे. नाणं हवेत तोला, मग बारीक दोऱ्याने पाण्यात टांगून तोला, फरक काढा, हवेतल्या वजनाला फरकाने भागा. ३.३० ग्रॅमचं नाणं पाण्यात ०.३३ ने हलकं झालं तर घनता १०. बाजारातल्या काट्यावर शेवटचा आकडा एकाने इकडेतिकडे झाला तर उत्तर ९.७ येतं किंवा १०.३. मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा. पाण्यात साबणाचा थेंब टाका, नाहीतर बुडबुडे चिकटतात आणि नाणं उगाच हलकं भरतं.

शुद्ध चांदी साडेदहा, तांबं नऊला थोडं कमी. चौथा हिस्सा तांबं मिसळलेली सरकारी चांदी दहाच्या जवळ येईल. पाचवा हिस्सा पत्रा आणि बाकी तांबं असेल तर सव्वानऊच्या आसपास. हा फरक पकडता येतो. सव्वानऊवाल्याला चांदीच्या नाण्याचं वजन गाठायचं तर जाडीत सुमारे सातवा हिस्सा जास्त द्यावा लागतो, हेही तपासा. पण आत शिसं घातलं तर गणित फिरतं, शिसं ११.३ चं.

ब्राह्मी_वाचक

आणि घनता ‘आत तांबं आहे’ एवढंच सांगणार. कधी चढवलं ते सांगणार नाही. आतून गंजलेलं नाणं तर त्याहून हलकं भरतं, क्युप्राइटची घनता सहाच्या आसपास.

शिशाचा विषय निघालाच आहे तर कोल्हापूरकरांसाठी. आपल्या इथली कुरा राजांची नाणी, विळिवायकुर, सिवलकुर, धनुष्यबाण असलेली, ती शिशाची किंवा पोटिनची (तांबं, शिसं, कथील यांच्या मिश्रधातूची). त्यांना मुलाम्याचा प्रश्न नाही, पण शिसं चुलीवर वितळतं म्हणून त्यांच्या ओतीव नकला सुटल्या आहेत. तिथे वेगळी खूण. यातली काही नाणी एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्याने ठसा मारून पुन्हा चालवलेली आहेत, सिवलकुराने विळिवायकुराच्या नाण्यांवर मारलेला आहे. खालच्या जुन्या ठशाचे अवशेष वरच्या ठशाखाली चेपलेले दिसतात. नक्कल करणारा सहसा साधं, स्वच्छ नाणं निवडतो. टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू बघायला जाता तेव्हा सगळे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या मूर्तीपुढे उभे राहतात. तिथली नाणी पण बघा, खऱ्या शिशावरची करडी-पांढरी साय कशी असते ते डोळ्यांत बसतं. शिशाचं नाणं हाताळल्यावर हात धुवा.

नाणेफेक

जोगळटेंभीचं पण तसंच ना? १९०६ साली नाशिकजवळ सापडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांत क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेली नऊ हजारांवर होती. बाजारात ‘जोगळटेंभीचं’ म्हणून जे फिरतंय ते एवढं आहे की तेरा हजारांचे तेरा लाख झाले असावेत.

पन्हाळकर

होन परत केला. तो म्हणाला, ‘मी कुठं सोनं म्हणालो होतो?’ निम्मे पैसे दिले.

अजून एक विचारतो. आमच्या मामांच्या रानात पाइपलाइन खोदताना हिरवी पडलेली चार-पाच नाणी निघाली आहेत. मामी चिंच-मीठ लावून घासायच्या बेतात आहेत.

ब्राह्मी_वाचक

मामींना आत्ता फोन करा! चिंचेने हिरवं आणि त्याखालचं लाल दोन्ही जाईल. मुलाम्याचं नाणं असेल तर खालचं तांबं विरघळून पत्राही सुटेल. पाण्याने माती अलगद काढा, सावलीत वाळवा, प्रत्येक नाणं वेगळ्या कागदात ठेवा. प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत ओल धरते. कुठल्या खोलीवर आणि कशाशेजारी सापडली ते लिहून ठेवा, खापराचे तुकडे असतील तर तेही टाकू नका.

आणि १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. मामांना तलाठ्याकडे जायला सांगा, अर्ज लिहायला मी मदत करते. व्यक्तिगत निरोप करा.

गुजरीतला

आणि कोणी घरी येऊन ‘दाखवा, मी घेतो’ म्हणाला तर दाखवू नका. खड्डा बुजवायच्या आधी फोटो काढा.